दक्षिण पर्वताएवढं आयुष्य

बारीक पाऊस लागला, म्हणून युनछीने आपलं टेबल देवळाच्या पडवीत ओढून घेतलं. नववर्षाला दहा दिवस उरले होते. दारावर चिकटवायच्या लाल कागदावर शुभेच्छांची चार-चार अक्षरं लिहून द्यायची, हे तिच्या वडिलांचं काम. त्यांचा हात कापायला लागल्यापासून कुंचला तिच्याकडे आला होता.

"वाढदिवसाचं लिहाल?" एक भिजलेला तरुण समोर उभा होता. "बाबांना साठ पूर्ण होतायत."

"पूर्वसमुद्राएवढं सुख, दक्षिण पर्वताएवढं आयुष्य... हेच ना? कधी आहे?"

"आठव्या महिन्यात. पण आम्ही परवाच करतोय." तो खाली बघत म्हणाला, "तोवर ते नसतील."

कुंचला क्षणभर थबकला. मग तिने लिहिलं, जपून.

"मास्तरीणबाई, अक्षरातला डोंगर जरा कललाय हो."

"सरळ डोंगर हवा तर दगड आणा. कागद कशाला?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसत असावा, इतकं अवघडून.

त्याचं नाव थान पेइलिन, नदीच्या धक्क्यावर होड्या दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घराच्या शांतीसाठी कागद घेऊन गेला. दुपारी पुन्हा हजर!

"तुमच्या घराला दारं आहेत तरी किती?"

"एकच."

"मग?"

"...एकावर एक चिकटवतो."

युनछीने मान वळवली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

"आता लग्नाचं लिहा," तो हळूच म्हणाला. "शंभर वर्षं सुखाची जोडी."

"कोणाचं लग्न?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"बाबांना सून बघायचीय. घरात लग्न झालं की आजाऱ्याचं मरण मागे सरतं म्हणतात... म्हणून... तुम्हाला विचारणार होतो."

युनछीने कुंचला खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला बायको नकोय, काढा हवाय."

तो पावसात निघून गेला.

तरीही वाढदिवसाला ती गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दीर्घायुष्याच्या शेवयांचा वाडगा म्हाताऱ्यापुढे निवत होता. भिंतीवर तिची अक्षरं.

"तू लिहिलंस, पोरी?" म्हातारा धापा टाकत म्हणाला. "झकास. पण डोंगर कशाला मागतेस? दोन घास पेज गिळता यावी, एवढं लिही."

तिला वडिलांनी शिकवलेल्या शेकडो शुभेच्छा पाठ होत्या. त्यात पेजेची एकही नव्हती. तिने चमचा घेतला आणि उशाशी ठेवलेली पेज ती त्याला भरवू लागली. तिसरा घास तोंडातून बाहेर आला. पेइलिन दाराकडे तोंड करून उभा होता.

नववर्षाच्या आदल्या दिवशी म्हातारा गेला.

सगळी गल्ली लाल कागद चिकटवत असताना पेइलिन आपल्या दारावरचे खरवडून काढत होता. मृत्यूच्या घरी लाल चालत नाही. खळ पक्की बसली होती. चाकूखाली तिची अक्षरं फाटत होती.

युनछी कोमट पाणी आणि फडकं घेऊन आली. तिने कागद भिजवला. दोघं पट्टी पट्टी सोडवत राहिले.

"आता मागे सारायला मरण उरलं नाही," पेइलिन म्हणाला. "म्हणून पुन्हा विचारतो. माझ्यासाठी."

"तीन वर्षांचा दुखवटा आहे. लग्न नाही करता येणार."

"माहितीय."

"मी तिशीची होईन तोवर."

"मी तेहेतीसचा."

"चेष्टा करू नका."

"नाही करत."

तिने फडकं पिळलं. समोरच्या घरातल्या बायका बघत होत्या. बघू देत.

"थांबेन," ती म्हणाली. "पण तीन वर्षं तोंड लपवून नाही हं. रोज देवळापाशी यायचं. जेवलात की नाही, ते सांगायचं."

पेइलिन उंबऱ्यावर बसला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडला, तोंडावर हात दाबून. ती त्याच्या शेजारी उभी राहिली, गल्लीत फटाके वाजू लागले तरी.