चार बोटांची जागा

पार्सल ऑफिसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या काखेत आपलंच खोकं आहे, हे ठिणगीला अक्षरावरून कळलं. ‘नाजूक. काच आहे. सांभाळून.’ असं लाल शाईत लिहून प्रत्येक शब्दाखाली दोन-दोन रेघा ओढणारी तीच. आता त्या रेघांवर कुणाच्या तरी बुटाचा ठसा उमटला होता आणि खोक्याचा एक कोपरा पार आत दबला होता.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी दादानं चिडवायला म्हणून ठेवलं, त्यावर ती अशी काही भडकली की नाव कायमचं चिकटलं. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, त्यांच्या कडांना तांब्याची पट्टी लावायची, डाख देऊन ते जोडायचे आणि त्यांतून दिव्यांच्या शेड बनवायच्या, हा तिचा उद्योग. विक्री सगळी ऑनलाइन. दिवे असे व्हायचे की बघणाऱ्याची नजर हलू नये. पण हल्ली ते पोचायचे तुकड्यांत, आणि पार्सलवाले दर वेळी ‘पॅकिंग अपुरं’ असा शिक्का मारून हात झटकायचे. आज ती भांडायचं ठरवूनच आली होती. हातात नव्या गिऱ्हाईकाचं पार्सल होतं, डोक्यात जुना राग.

पुढचा माणूसही भांडतच होता, पण ओरडून नाही. एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलत होता, आणि त्यामुळे ते जास्तच झोंबत होतं. मावशीसाठी मागवलेला दिवा दुसऱ्यांदा फुटून आला, असं तो खिडकीतल्या कारकुनाला सांगत होता. एकदा समजू शकतो, दोनदा नाही. विकणारी तडकलेला माल खपवत असणार आणि खापर तुमच्यावर फोडत असणार. असल्या लबाड बाईची तक्रार नेमकी कुठे करायची?

“लबाड बाई मीच,” ठिणगी मागून म्हणाली. “बोला पुढे.”

तो वळला. उंच, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांवर ताजे ओरखडे. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर ओशाळल्यासारखं काही आलं… पण माघार घेणाऱ्यांतला तो नव्हता.

“बरं झालं भेटलात,” तो म्हणाला, आणि रांगेत सगळ्यांसमोर जुंपली. तिनं सांगितलं की प्रत्येक शेड ती पाठवण्याआधी उजेडात धरून तपासते. त्यानं सांगितलं की मग ती आपोआप फुटत असेल. तिनं विचारलं, हातावरचे ओरखडे माझी काच फोडताना आले का? तो म्हणाला, मांजराचे आहेत, मी जनावरांचा डॉक्टर आहे, आणि मांजर तुमच्यापेक्षा बरं, ते निदान आधी फिस्कारतं.

कारकुनानं मान वरही न करता दोघांना समजावलं. पार्सलं पट्ट्यावरून जातात, घसरगुंडीवरून खाली येतात, एकमेकांवर आदळतात. वर तुम्ही नाजूक लिहा, नाहीतर कविता लिहा. “यंत्राला वाचता येत नाही, ताई.”

डॉक्टरनं तिच्या हातातल्या खोक्याला बोट लावून ते हलकेच हलवलं. आतून बारीक खुळखुळ झाली.

“ऐकलंत?”

“तीन थर फुग्यांचं प्लॅस्टिक आहे आत.”

“असेल. पण दिवा आतल्या आत फिरतोय.”

“फिरू दे की. फुटायचा नाही.” आणि त्याच्या नजरेला नजर देऊन तिनं ते खोकं कमरेच्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडलं.

काच फुटल्याचा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. मोठा नव्हता तो. एखाद्यानं दात-ओठ खाऊन काहीतरी पुटपुटावं तसा. ठिणगीनं वाकून खोकं उचललं, कुणाकडेही न बघता दाराबाहेर पडली आणि तरातरा चालू लागली. मागून पावलं आली.

“माझ्या मागे येऊ नका.”

“माझी गाडी याच बाजूला आहे.”

“मग उद्यापासून दुसऱ्या बाजूला लावत जा.”

तो थांबला. लबाड म्हणालो ते चुकलं, असं मागूनच म्हणाला. नेमकं तेच तिला सहन झालं नाही. समोरचा भांडत असला तर त्याच्यावर तुटून पडता येतं. माफी मागणाऱ्या माणसाचं काय करायचं? घरी पोचेपर्यंत ती त्याच्यावर चिडलेली होती, पार्सलवाल्यांवर चिडलेली होती, आणि सगळ्यांत जास्त त्या खुळखुळ आवाजावर. तो तिला इतके दिवस कसा ऐकू आला नव्हता?

दुसऱ्याच दिवशी पत्ता शोधत तो घरी आला. त्याची पडली वहिनीशी गाठ. वहिनी मनानं सोन्यासारखी, पण पोटात काही राहील तर शपथ. कॉफी संपायच्या आत तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. ठिणगीचं दुकान ज्या वेबसाइटवर होतं, त्या वेबसाइटनं ताकीद दिली होती, फुटक्या मालाची आणखी एक तक्रार आली की दुकान बंद. दादा तर वाटच बघत होता. आपल्या ऑफिसात तिच्यासाठी त्यानं खुर्चीसुद्धा हेरून ठेवली होती.

डॉक्टर जिना चढून गच्चीलगतच्या तिच्या खोलीत आला. खिडकीपाशी वाळत ठेवलेल्या निळ्या-केशरी काचांमधून ऊन पडलं होतं आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर रंग सांडले होते. ते छान दिसत होतं, याचाही तिला राग आला.

मी तक्रार करणार नाही, असं तो म्हणाला. झालं. ठिणगीनं हातातली काच कापायची लेखणी टेबलावर ठेवली.

“वहिनीनं सांगितलं ना सगळं?”

“हो.”

“दिवा फुटून आला होता का?”

“आला होता.”

“मग तसं लिहा. मला कुणाची दया नको.”

“दुकान बंद होईल.”

“माझं आहे. होऊ दे.”

तो मग मान हलवून जिना उतरून गेला. संध्याकाळी वेबसाइटचं पत्र आलं, दुकान बंद. खाली त्याची तक्रार जोडलेली होती. ‘काच अप्रतिम आहे. तुकडेसुद्धा फेकवत नाहीत. पॅकिंग मात्र वाईट आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.’

ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. खोलीत येरझारा घालत ती वहिनीला म्हणाली, लिहा म्हटलं की लगेच लिहायचं असतं का? वहिनी म्हणाली, तूच तर म्हणालीस. म्हणाले होते, पण… रागात ती काहीही बोलली तरी घरात ते कुणी मनावर घेत नसे. पेटलीय, विझेल, असं म्हणत दादा पेपर उलटायचा. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. आणि या माणसानं तिचा शब्द तिचा म्हणून धरला होता. त्या रात्रीचं जेवण तिनं रागानंच जेवलं, पण राग नेमका कुणावर धरायचा हे तिला ठरवता आलं नाही.

वेबसाइटनं एक वाट ठेवली होती. त्यांच्या तपासणी केंद्रात एक दिवा पाठवायचा, तो धड पोचला तर दुकान पुन्हा सुरू. त्यांनी पॅकिंगच्या सूचनाही पाठवल्या होत्या. ठिणगीनं त्या रागानं न वाचताच बंद केल्या.

रविवारी डॉक्टर पुन्हा दारात. या वेळी दोन्ही हातांत रिकामी खोकी.

“दुकान बंद केलंत. आता काय बघायला आलात?”

“तुमचा जिना,” तो म्हणाला. “चांगला उंच आहे. खोकी टाकून बघू… म्हणजे, तुमची हरकत नसेल तर.”

हरकत घ्यायचं तिच्या अगदी ओठांवर होतं. पण रागावलेल्या माणसाला जिन्यावरून काहीतरी फेकून द्यायची संधी कोण देतं? तिनं उरल्यासुरल्या काचांच्या ओबडधोबड शेड काढल्या आणि ती त्याच्या पाठोपाठ बाहेर आली.

पहिलं खोकं तिच्या पद्धतीचं, प्लॅस्टिक आणखी जास्त. ते गडगडत खाली गेलं आणि शेडचा चुरा झाला. दुसरं त्याच्या डोक्यातून निघालेलं. खोकंभर थर्माकोलचे दाणे, मधोमध दिवा. तो मोठ्या विश्वासानं म्हणाला की दिवा तरंगत राहील. दिवा दाण्यांतून सरळ तळाला जाऊन बसला आणि तिथेच फुटला. वर दाणे जिनाभर उडाले. खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर येऊन दोघांनाही बोलून गेल्या. डॉक्टरच्या केसांत एक दाणा अडकला होता. तो सांगावा की राहू द्यावा, असा विचार करून ठिणगीनं तो राहू दिला.

मग तिनं चडफडत वेबसाइटच्या सूचना काढल्या. त्यातलं निम्मं त्यांना तोवर तोडफोड करून कळलंच होतं. शेड पोकळ असते, म्हणून आधी तिच्या पोटात मऊ कागद भरायचा. दिव्याची बैठक वेगळी गुंडाळायची, नाहीतर तीच काचेवर आदळते. शेड एका लहान खोक्यात घट्ट बसवायची आणि ते खोकं मोठ्या खोक्यात ठेवायचं. वापरलेली खोकी घ्यायची नाहीत, त्यांचे कोपरे आधीच दमलेले असतात. आणि दोन खोक्यांमध्ये सगळीकडून चार बोटं जागा सोडून तिथे जाड कागद चुरगाळून ठासायचा. धक्का जो काही बसायचा तो त्या कागदानं खायचा.

“चार बोटं कुणाची?” तिनं विचारलं. “तुमची की माझी?”

“फरक किती असणार?”

तिनं पंजा उभा धरला. त्यानं आपला पंजा त्याला लावला. त्याची बोटं जवळजवळ एका पेरानं लांब होती, रुंदही… तिच्या बोटांची टोकं काचेनं कापून कापून खरखरीत झालेली. पंजे तसेच लावलेले राहिले. कागद चुरगाळायचा आवाजसुद्धा थांबला होता.

“माझी धरू,” तो म्हणाला. “जास्त जागा बरी.”

“आणि आता असं म्हणू नका की मी चिडल्यावर छान दिसते. फार जणांनी म्हणून झालंय.”

“नाही म्हणणार. मला भीती वाटते.” त्यानं कागदाचा बोळा हातात फिरवला. “तरी येतो.”

तिनं ते खोकं कचकचून चिकटपट्टी लावून बंद केलं, हलवलं, ऐकलं. आत काहीही वाजलं नाही. मग तिनं ते जिन्यावरून असं भिरकावलं की दादा घरातून धावत आला. खाली जाऊन उघडलं तर शेड जशीच्या तशी. एका काचेलाही तडा नाही. ठिणगी पायरीवर बसली. हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींचा तिला राग आला.

तपासणीचा दिवा धड पोचला, दुकान सुरू झालं. आणि डॉक्टरनं यायचं बंद केलं.

आधी तिला वाटलं, कामात असेल. मग वाटलं, आजारी असेल. मग वहिनीनं सांगितलं की बाजारात दिसला होता, ठणठणीत होता, आणि तेव्हा ठिणगीनं हातातलं काम टाकलं आणि ती थेट त्याच्या दवाखान्यात गेली. बाहेर रिपरिप सुरू होती. बाकावर एक म्हातारं कुत्रं, एक पिंजऱ्यातला ससा आणि त्यांची माणसं बसली होती. डॉक्टर आतल्या खोलीच्या दारात उभा, हातात पट्टी बांधायचं कापड.

“दुकान सुरू झालं म्हणून यायचं बंद?”

त्यानं बाकावरच्या माणसांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “आत या.”

“मी इथेच बरी आहे. मला उत्तर हवंय.”

“काय कारण सांगून येऊ?” तो हळू आवाजात म्हणाला. “आधी भांडण होतं. मग खोकी होती. मावशीचा दिवा पुन्हा मागवणार होतो, पण तो मिळाला की तेही संपेल. म्हणून मागवला नाही.”

एवढा मोठा माणूस, अंगावर येणाऱ्या जनावरांना न घाबरणारा, आणि तिच्या दारात यायला त्याला पार्सलाचं निमित्त लागत होतं.

“मूर्ख आहात तुम्ही,” ती म्हणाली. “मी रोज जिन्याकडे कान लावून काम करते. काल दोन काचा वाकड्या कापल्या. माझ्या आजवर कधी वाकड्या गेल्या नव्हत्या.”

“मग…?”

“मग काय? कारण नसताना यायचं.” कान तापले होते, पण तिनं मान खाली घातली नाही. “मला आवडता तुम्ही. आणि हे मी रागात बोलत नाहीये.”

“रागात बोलला असतात तरी मी ते खरं धरून चाललो असतो,” तो म्हणाला. सशाच्या मालकिणीनं पिंजरा मांडीवर ओढून घेतला आणि खिडकीबाहेरचा पाऊस बघण्यात ती अगदी रमून गेली.

मावशीच्या दिव्यावरून मग त्यांचं जे भांडण झालं ते मात्र जोरदार होतं. तो म्हणाला, मी स्वतः हातानं नेऊन देतो. ती म्हणाली, माझं पार्सल आहे, ते पार्सलनंच जाणार, नाहीतर मी इतके दिवस जिन्यावर काय केलं? तीन दिवस भांडून शेवटी तिचंच खरं झालं. पार्सल गेलं.

मावशीचा फोन आला तेव्हा तो तिच्या खोलीत बसून कागद चुरगाळत होता. दिवा धड पोचला होता, लावलाही होता. पण मावशी तापली होती. एका खोक्यात दुसरं खोकं, त्यात तिसरी पुडी, कागदांचा डोंगर, चिकटपट्टीवर चिकटपट्टी. उघडता उघडता तिची कात्री मोडली होती आणि नखही. तिचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता.

“कोण आहे रे ती पोरगी? घेऊन ये तिला. मला भांडायचंय तिच्याशी.”

डॉक्टरनं फोनवर हात ठेवला आणि ठिणगीकडे बघितलं. तिनं डाखाचं हत्यार बंद केलं, हात पुसले, ओढणीवरचे काचेचे कण झटकले.

“चल,” ती म्हणाली. “आत्ताच जाऊ.”

आपण त्याला ‘तू’ म्हटलं, हे जिना उतरताना तिच्या लक्षात आलं. तोवर तो दोन पायऱ्या पुढे होता आणि मागे हात करून तिची वाट बघत होता.