पाच वाजेपर्यंत दुसरं नाव

दार उघडलं आणि भिंतीवरचे धागे विझले.

"दार लाव आधी," योगिता जोरात म्हणाली. कॅमेऱ्यासमोर तिचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले. दारातला मुलगा दचकून आत आला, दार लावलं. अंधारात प्रकाशाचे धागे पुन्हा उमटले, तिच्या बोटांबरोबर डोलू लागले.

"रागावलीस?"

"नाही रे. आमच्या घरात सगळे असंच बोलतात. पप्पा कापडाच्या लूमवर आहेत... बारा तास तो खडखडाट."

मग दोघंही थबकली. डिजिटल आर्टच्या वर्गात सगळं हिंदी-गुजरातीत चालायचं. महिनाभर मागेपुढे बसूनही समोरचं माणूस मराठी आहे हे त्यांना आज कळत होतं. तो ओंकार, बँकेतल्या वडिलांच्या बदलीबरोबर साताऱ्याहून सुरतला आलेला. हे काय आहे, असं त्याने विचारलं. लूमच्या शेडमध्ये शब्द ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात, ती सांगू लागली. तार तुटली, चहा आण, मास्तरला बोलाव. बघणाऱ्याने भिंतीसमोर तसेच हात केले, की धाग्यांनी उत्तर द्यायचं.

अडचण एकच होती. शिकवणाऱ्या रजनीबेननी सांगितलं होतं की उद्या, शनिवारी पाचपर्यंत फळ्यावर प्रत्येक प्रोजेक्टखाली निदान दोन नावं हवीत, नाहीतर तो रद्द. वर्गातल्या शर्वरीच्या तापी नदीवरच्या प्रोजेक्टखाली सात नावं होती. योगिताच्या धाग्यांखाली तिचं एकटीचं. आणि पप्पांना तर तिने सांगून टाकलं होतं, तुमचे हात वर्गाच्या प्रदर्शनात लागणार म्हणून.

ओंकारने तापीखालचं आपलं नाव पुसलं आणि योगिताच्या नावाखाली लिहिलं. शर्वरी भुवया उंचावून हिंदीत म्हणाली, "जा, पण परत येऊ नकोस. तापी भरलीय."

योगिताने मात्र त्याला विचारलं, का लिहिलंस?

"तू एकटी होतीस म्हणून..."

"म्हणजे उद्या दुसरं कुणी एकटं दिसलं की तिकडे." तिने त्याचं नाव पुसून टाकलं. "सकाळी भेस्तानला, लूमच्या शेडवर ये. तासभर पप्पांच्या शेजारी उभा राहा. मग ठरव."

तो येणार नाही, असं तिने रात्रीच धरून ठेवलं होतं. तो आठला हजर होता.

शेडमध्ये शिरताच त्याने काहीतरी विचारलं, मग ओरडून विचारलं. कुणालाच ऐकू गेलं नाही. दोन कारागीर मात्र हसले. सुपडूंनी, म्हणजे योगिताच्या पप्पांनी, त्याला खांद्याला धरून कडेला उभं केलं. तो तासभर तिथेच उभा राहिला, घाम पुसत, बघत. मोबाइल काढला नाही. योगिता दुरून त्याच्याकडेच बघत होती, आणि हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

बाहेर चहाच्या गाडीवर कानातला खडखडाट ओसरायला वेळ लागला.

"तुझ्या भिंतीत एक चूक आहे," मग तो म्हणाला. "हात उचलला की तुझे धागे लगेच बोलायला लागतात. पप्पा तसं करत नाहीत. समोरच्याने त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबतात. नजर मिळाली, की मग हात."

योगिताचा कप हातातच राहिला. जन्मापासून ती हे बघत आली होती... म्हणूनच तिला ते कधी दिसलं नव्हतं. भिंतीने आधी माणसाची नजर शोधायला हवी. तेच तर खरं काम होतं.

सुपडू चहाला बाहेर आले. "हाऊ कोन शे?" हा कोण, असं त्यांनी अहिराणीत विचारलं. वर्गातला, असं तिने सांगितलं. एवढ्या हळू आवाजात की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना दोघं फळ्यासमोर उभी होती.

"काल मी खोटं बोललो," ओंकार म्हणाला. "तू एकटी होतीस म्हणून नाही. तू... आवडतेस, म्हणून लिहिलं होतं."

"आणि आज?"

"आज त्या भिंतीचं कसं करायचं, तेच सुचत राहिलंय. आवडतेस, ते आहेच. पण तू नाही म्हणालीस, तरी मी याच प्रोजेक्टवर असेन."

योगिताने मार्कर उघडला. आपल्या नावाखाली, स्वतःच्या अक्षरात, तिने त्याचं नाव लिहिलं.

रजनीबेन घड्याळ बघत आल्या. "चालो, लॉक. छ महिना सुधी कोई ग्रुप बदलशे नहीं."

"सहाच महिने?" ओंकार मराठीत पुटपुटला.

"आधी एवढे काढ," योगिता म्हणाली, आणि मार्कर त्याच्या हातात ठेवताना तिने बोटं लगेच मागे घेतली नाहीत.