पिशवी कोरडीच होती

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. एकोणीस वर्षं मी इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये घरोघरी हीटिंगचे बॉयलर दुरुस्त करतोय. भुताखेतांवर बोलणाऱ्यांना मी आजवर हसतच आलो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवार, दुपारचे तीन. कीथलीतलं चढावरचं एक घर.

दार केरी नावाच्या बाईनं उघडलं. कडेवर तीन आठवड्यांचं बाळ, त्याला दोन टोप्या.

"तू तिसरा," ती म्हणाली. "आधीचे दोघे चहा ढोसून गेले. तुला चहा मिळणार नाही."

"नको. तक्रार काय?"

"पाणी भरलं की दाबाचा काटा दीडवर. तासाभरात शून्य, आणि घर बर्फ. पोर निळं पडतंय, कळतंय का तुला?"

डोक्यात तिडीक गेली, पण बाळाकडे बघून हत्यारांची पेटी उघडली.

गळतीसाठी सगळे रेडिएटर तपासले. बाहेरून कोरडे.

जादा पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून पडतं. तिच्या तोंडाला कॅरीबॅग बांधली. पिशवीत पाणी आलं की चोर सापडला. मग काटा दीडवर आणून बॉयलरखालचे व्हॉल्व्ह बंद केले. आता घरातल्या पाइपांशी बॉयलरचा संबंधच उरला नाही.

तरी काटा उतरला...

दीड. एक. शून्य.

बाहेर धावलो. पिशवी कोरडी.

पण ती हलत होती. वारा नव्हता. पिशवी फुगत होती... बसत होती... परत फुगत होती. दम्याचा म्हातारा श्वास घेतो ना, तशी. मध्येच घरघर.

तो श्वास माझ्या ओळखीचा होता.

आत येऊन बॉयलरचं झाकण काढलं. आतून लाल लेबल चिकटवलेलं. 'धोका. वापरू नये.' आठ वर्षांपूर्वीची तारीख, खाली सही माझी. अक्षरही माझंच.

"हा बॉयलर कधीचा?" मी विचारलं.

"दोन वर्षांचा. का रे, पांढरा का पडलास?"

काय सांगणार? नवं दार, नवं स्वयंपाकघर. म्हणून घर ओळखलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी इथे दम्याचे मिजली आजोबा एकटे राहायचे. त्यांच्या बॉयलरमधून विषारी धूर येत होता. शुक्रवारी दुपारी तीनला मी गॅस बंद करून लेबल लावलं. ते बरोबरच होतं. पण अशा वेळी आम्ही गाडीतला विजेचा हीटर ठेवून जातो. मला मॅच बघायची होती. हीटर काढायचा कंटाळा केला.

"पोरा, हीटर तरी ठेव," ते म्हणाले होते.

"सोमवारी येतो. तोवर दोन स्वेटर घाला."

सोमवारी ते खुर्चीत सापडले. गारठून गेलेले. अंगात दोन स्वेटर. मला कुणी बोल लावला नाही, कागदपत्रं चोख होती. स्वेटरचे ते शब्द मी आजवर कुणाला सांगितले नाहीत, बायकोलाही नाही.

मी गाडीतले दोन्ही हीटर आणून केरीच्या खोलीत लावले. बाळाचे गाल हळूहळू गुलाबी झाले.

"असू दे," ती म्हणाली. "चहा टाकते."

तेवढ्यात बॉयलरमध्ये टक् झालं.

काटा आपोआप चढला... दीडवर थांबला. पाण्याचा नळ मी उघडलाच नव्हता. बाहेरची पिशवी निपचित लोंबत होती.

केरीच्या घरचा काटा तेव्हापासून हललेला नाही.

माझ्या घरचा हलतो. दर शुक्रवारी, दुपारी तीनला शून्य. गळती कुठेच नाही. विजेचे हीटर लावले तर बंद पडतात. काल सहकारी ट्रेव्हरला बोलावलं. त्यानं तास घालवला, मान हलवली आणि गाडीकडे निघाला.

"सोमवारी येतो," तो म्हणाला. "तोवर दोन स्वेटर घाल."

आज शुक्रवार. अडीच वाजलेत.