अक्षता मुठीतच राहिल्या

श्रावणी सोमवारच्या पहाटे कर्णाईगडाचे बुरूज धुक्यातून एकेक करून वर येऊ लागले, तेव्हा सगुणाबाई न्हाऊन, उपासाचा संकल्प सोडून, महादेवाच्या देवळाकडे निघाल्या होत्या. मागे दोन पहारेकरी. किल्लेदार हणमंतराव धुमाळ कड्यावरून पाय घसरून गेले, असे गडावर जाहीर झाल्यापासून त्यांच्या या विधवेशी एकांतात बोलण्याची कोणास मुभा नव्हती. नवे किल्लेदार रायाजी काटकर यांचा तसा हुकूम होता. वहिनीसाहेबांच्या दुःखात व्यत्यय नको, असे ते मानभावीपणे सांगत.

पण सोमवारची कहाणी सांगण्याचा मान सगुणाबाईंचा, आणि तो काढून घेण्याची छाती रायाजींना झाली नव्हती. गडाच्या धन्यापासून शिबंदीपर्यंत सर्वांनी मुठीत अक्षता घेऊन बसायचे, कहाणी पुरी होईतो उठायचे नाही की मूठ उघडायची नाही, ही वहिवाट. रायाजी पुढे बसले. त्यांच्या पत्नी चिमाबाई खांबाशी. मागे दरवाजाचे नाईक येसाजी खरात आणि त्यांचे लोक.

सगुणाबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ. एका नगरात राजा होता, त्या सांगू लागल्या, आणि प्रधानावर त्याचा पाठच्या भावासारखा जीव. एके दिवशी दोघेच कड्यावर तट पाहायला गेले, परतला तो एकटा प्रधान. बायका सवयीने माना डोलावत होत्या. ही दर सोमवारची कहाणी नव्हे, हे प्रथम येसाजी नाइकांच्या ध्यानी आले. भिंतीला टेकलेली पाठ त्यांनी सरळ केली.

"राणीने राजाला शेवटचे न्हाऊ घातले," सगुणाबाई म्हणाल्या, "तेव्हा पाठीत कट्यारीची जखम दिसली. कड्यावरचे दगड कट्यार बाळगत नाहीत, महादेवा."

उठून जावे तर ती कबुली, बसावे तर आणखी काय ऐकावे लागेल कोण जाणे, अशा पेचात रायाजी कसनुसे हसले.

"आज निराळीच कहाणी काढलीत, वहिनीसाहेब. शेवट तेवढा गोड करा."

"शेवट मला ठाऊक नाही, भाऊजी. ज्यांना इथेच पुरी वाटली, त्यांनी अक्षता वाहाव्यात."

रायाजींनी घाईघाईने हात पुढे केला. पिंडीवर तांदूळ पडले, ते एकट्या त्यांचेच. मागे वळून पाहतात तो साऱ्या देवळात मिटलेल्या मुठी, खांबाशी चिमाबाईंचीसुद्धा.

"कंबरेची कट्यार खाली ठेवा," येसाजी म्हणाले.

रायाजींनी पहारेकऱ्यांना हाक मारली. त्या दोघांनी आपापल्या मुठीकडे पाहिले आणि ते जागचे हलले नाहीत.

दुपारी सदरेवर रायाजींनी सारे कबूल केले. किल्लेदारीच्या हव्यासापायी घात केला, म्हणाले, आणि पाय धरायला पुढे आले. सगुणाबाईंनी पाय मागे घेतले. कैद करून हुजुरात पाठवावे काय, असे नाइकांनी विचारताच त्या एवढेच म्हणाल्या, "हे ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने."

उन्हे कलण्याआधी कड्याने दुसरा किल्लेदार घेतला.

दिवेलागणीला, उपास सोडायच्या वेळी, चिमाबाई दारात आल्या. कपाळ पुसलेले. ही आता तळतळाट देईल, असे सगुणाबाईंना वाटले, आणि तो ऐकून घेण्याची त्यांची तयारी होती.

"त्या दिवशी त्यांचा अंगरखा मीच धुतला, बाईसाहेब. रक्त ओळखले मी. तेव्हाच बोलले असते तर..."

"तर हे काही परत आले नसते," सगुणाबाई म्हणाल्या. "पण त्याच्या तोंडून रोज वहिनीसाहेब ऐकून घ्यावे लागले नसते मला."

बसा, असे त्या म्हणाल्या नाहीत. दार त्यांनी स्वतःच लावून घेतले, कडीचा आवाजही होऊ न देता.