शेवटचा बुडखा

तुम्ही विचारलंत ना, सगळं रान गुलाबाखाली आणि मधलाच तुकडा पडीक का? बसा, सांगते.

गिरणारे गावाच्या अलीकडे ही आमची जमीन. मागच्या मालकानं इथली आंब्याची जुनी झाडं विकली, पण बुडखे जमिनीतच सोडले. ते काढल्याशिवाय ना नांगर चालत होता, ना ठिबकच्या नळ्या टाकता येत होत्या. जेसीबी आणून पाहिला. मुळं जागची हलली नाहीत. मग माझ्या मिस्टरांनी, मनोजनी, सिन्नरहून पोकलेन भाड्यानं मागवलं. मशीनबरोबर चंदर नावाचा ऑपरेटर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

दुपारपर्यंत काम झकास चाललं. बकेटचे दात मुळांखाली शिरले की कडाकड आवाज व्हायचा आणि बुडखा मातीसकट वर यायचा. रानभर डिझेलचा आणि कच्च्या, ओल्या मुळांचा वास पसरला होता. मी बांधावर बसून बघत होते. थंडीचे दिवस, ऊन हवंहवंसं. भीती वाटावी असं तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटी राहिला मधला, सगळ्यात थोरला बुडखा. चंदरनं त्याच्या भोवती चांगलं खोल खणलं, तरी तो सुटेना.

"दादा, साखळी लावून वढावा लागंल," तो म्हणाला.

मनोज साखळी घेऊन खड्ड्यात उतरले. मी म्हटलं, "अहो, जपून." ते हसले, बुडख्याखाली वाकले, आणि तेवढ्यात वरची माती ढासळली. धूळ उडाली, काही दिसेना. मी ओरडले. पण धूळ खाली बसायच्या आतच मनोज पलीकडच्या बाजूनं वर चढून आले, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. केसांतली माती झटकत म्हणाले, "काही नाही झालं गं."

माझा जीव भांड्यात पडला. चंदरनं घाबरून मशीन बंद केलं होतं. रान एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत खड्ड्यातून आवाज आला...

"मने... पाय अडकलाय माझा."

मला 'मने' म्हणणारं जगात एकच माणूस आहे. आणि ते माझ्या शेजारी उभे होते.

चंदर केबिनमधून खाली उतरला. "वहिनी... तुमी बी ऐकलं?"

मी मनोजकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कोण आहे रे आत?" ते खड्ड्याकडे तोंड करून ओरडले.

मग खालून, अगदी हळू आवाजात,

"मने... तो कोण बोलतोय?"

मनोज म्हणाले, "चंदर, खड्डा बुजव."

"दादा, आत माणूस हाय..."

"माणूस मी आहे. इथे उभा आहे मी. बुजव म्हणतो ना!"

"नका!" मी चंदरला म्हणाले. "खणा. आधी खणा तुम्ही."

तो बिचारा खणायला लागला. एकेक बकेट अलगद, जिवाला जपल्यासारखी माती काढत होता. आतला आवाज मधूनच सांगायचा, "हळू... डावीकडे..." शेवटी बुडखा सुटून बाजूला पडला. खाली कुणी नव्हतं. नुसती काळी माती, आणि तिच्याही खालून आवाज. जेवढं खणावं तेवढा तो खोल जायचा. शेवटी मशीनचा हात पुरेना.

आवाज बोलतच होता. "हर्षालीला काही कळवू नकोस. तिची परीक्षा आहे."

हर्षाली आमची मुलगी, पुण्याला शिकते. ते ऐकलं आणि मी काठावर पालथी पडले, हात खाली घातला. कडेची माती बर्फासारखी गार होती. "अहो, मी आहे इथे," एवढंच म्हणत राहिले. मागून मनोजनी माझे खांदे धरले. त्यांचे हात उबदार होते. नेहमीसारखे. मी कुणाला सोडायचं आणि कुणाला धरायचं, सांगा?

ऊन कललं तसा आवाज पुसट होत गेला. मनोजनी चंदरकडे नुसतं पाहिलं. त्यानं खड्डा बुजवला. मी अडवलं नाही.

मनोज तेच आहेत. भाजीत तिखट तेवढंच लागतं, झोपेत तसेच कण्हतात, मला मने म्हणतात. मी रोज फरक शोधते. सापडत नाही. सापडला तर काय करणार, तेही मला ठाऊक नाही.

मागच्या आठवड्यात चंदरचा फोन आला. तो विंचूरला कुठल्याशा इमारतीचा पाया खणायला गेला होता. मनोज समोर जेवत होते, म्हणून मी मोबाइल घेऊन ओट्याशी गेले.

"वहिनी... दादांचा आवाज आला. खालून... मातीतून."

"काय... काय म्हणाले?"

"घरचा रस्ता इचारत व्हते. लय दमलेले वाटले. मला राहावलं नाय, वहिनी... म्या सांगितला."

काल पहाटे उठले तर मनोज अंथरुणात नव्हते. मी स्वयंपाकघरात आले. गव्हानं भरलेली लोखंडी कोठी, जी हलवायला चार गडी लागतात, ती कोपऱ्यातून निघून मधल्या फरशीवर आली होती. मनोज खाली बसून तिला पाठ लावून होते, दोन्ही पाय समोरच्या भिंतीला रेटलेले. अंगाला घाम. कोठीखालची फरशी खालून कुणी ढकलावी तशी हलत होती. मला पाहून हळूच म्हणाले, "मने, तूही जरा इथे बस ना."

मी बसले.