एक्याण्णव पौंडांचा जिना

सातव्या मजल्याच्या खिडकीवर बाहेरून कोणी टकटक करत नाही. म्हणून पहिल्यांदा टकटक झाली तेव्हा मला वाटलं, पाऊस असेल. दुसऱ्यांदा झाली तेव्हा मान वर केली. काचेपलीकडे एक भिजलेली टोपी होती, टोपीखाली लांब नाक, आणि नाकाच्या टोकाला लोंबणारा पावसाचा थेंब.

मी मशीन थांबवलं आणि खिडकी वर सरकवली.

"बाई, हे टोक जरा धराल का?" त्याने मोजपट्टी पुढे केली. दोरांनी टांगलेल्या फळीवर तो असा उभा होता, जणू ट्रामची वाट बघतोय.

"पडाल," मी म्हटलं.

"पडलो तरी टोक सोडू नका. माप तरी वाया जायला नको."

"कसलं माप?"

"तुम्ही इथून पळून कशा जाल, त्याचं."

मी टोक धरलं. पट्टी ताणली गेली, ओली, गार... पलीकडे त्याची बोटं, अलीकडे माझी. तेवढ्यात मागून आमचा मुकादम ग्रॉसमन म्हणाला, "फ्रूमा, ब्लाउज आत शिवतात. खिडकीबाहेर काय शिवतेस?"

साठ मुली हसल्या. मी लाल झाले, पण टोक सोडलं नाही.

हा न्यूयॉर्कमधला १९१२ सालचा मार्च. आदल्या वर्षी शहरात शिलाईच्या एका कारखान्याला आग लागली होती, आणि मुलींना बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती. त्याबद्दल आम्ही मशीनवर बसून बोलत नसू. आमच्याकडेही एकच जिना उघडा असायचा. दुसरं दार कुलूपबंद, म्हणजे संध्याकाळी प्रत्येक मुलगी पिशवी उघडून पहारेकऱ्यासमोरून जाईल. आता सरकारी माणसं येऊन सांगून गेली होती की बाहेरून लोखंडी जिना लावा. पण मागची गल्ली इतकी अरुंद, की कायमचा जिना लावला असता तर मालाची गाडी आत शिरली नसती. म्हणून मालकांनी केलरच्या लोखंडी कारखान्याला विचारलं, आणि केलरने आपला नकाशे काढणारा माणूस फळीवर चढवला. त्याचं नाव आशर.

"मिटणारा जिना," दुपारच्या सुट्टीत तो आत येऊन सांगू लागला. अंगावरून पाणी निथळत होतं. "एरवी भिंतीला चिकटून राहील. सर्वांत वरच्या पायरीवर माणूस उभा राहिला की मागचं लोखंडी वजन वर जाईल, आणि जिना उलगडत थेट गल्लीत उतरेल."

"आणि आम्ही?" झेल्डाने विचारलं. झेल्डा माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिच्या जिभेला कधी सुट्टी नसे.

"तुम्ही राणीसारख्या चालत खाली."

"राणीला दीड डॉलर जास्त मिळत असेल."

तो हसला. मग त्याने वही काढली आणि कान लाल करून म्हणाला, "एक विचारायचंय... तुमची सगळ्यांची वजनं."

झेल्डा म्हणाली, "मुलगा वजन विचारतोय म्हणजे स्थळ नक्की. कोणासाठी विचारतोस रे?"

"वाऱ्यासाठी," आशर म्हणाला. "जिना फार हलका ठेवला तर वादळात आपोआप उघडेल, खाली कोणाचं डोकं फुटेल. फार जड ठेवला तर तुम्ही पायरीवर उभ्या राहाल आणि तो हलणार नाही. सर्वांत हलक्या मुलीचं वजन मला कळायला हवं."

तो एकेका मशीनपाशी थांबत गेला. आणि त्याच्या मागे, हात पाठीवर बांधून, ग्रॉसमन.

इथेच सगळी चूक झाली. त्या काळी आमच्या धंद्यात बारीक मुलगी म्हणजे छातीचा आजार. शिंप्यांचा आजार म्हणायचे त्याला. त्याच हिवाळ्यात दोघींना ग्रॉसमनने "डॉक्टरला दाखवून ये, मग बघू" म्हणून घरी पाठवलं होतं. त्या परत आल्या नाहीत, आणि तसं नाव झालेल्या मुलीला दुसरीकडेही कोणी घेत नसे. म्हणून आम्ही दोन-दोन जास्तीचे परकर घालायचो, गालाला चिमटे काढायचो. कोणी वजन विचारलं की तोंडातून खरा आकडा निघणं शक्यच नव्हतं.

झेल्डाने एकशे तीस सांगितलं. माझ्यापाशी आल्यावर आशर थांबला, पेन्सिल वहीवर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात वही नव्हती.

"एकशे अठरा," मी म्हणाले.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दारातलं वजनाचं यंत्र मला एक्याण्णव सांगत असे.

त्याने लिहून घेतलं. "छान," म्हणाला. कशाला छान म्हणाला, कोण जाणे.

त्यानंतर तो रोज काहीतरी मोजायला येऊ लागला. खिडकी एकच होती, पण तिची मापं काही संपेनात. एका संध्याकाळी तो दाराशी उभा होता. "तुम्ही कुठल्या बाजूला जाता?"

"ऑर्चर्ड रस्त्याला."

"मीही."

"काल तर पलीकडे गेलात."

"काल चुकलो," तो म्हणाला.

त्यानंतर तो कधी चुकला नाही. आम्ही चहाच्या दुकानात बसायचो. काचेच्या पेल्यातला काळा चहा, दातांत धरलेला साखरेचा खडा, खसखशीचा पाव दोघांत एक. तो नकाशा पसरायचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण रेषा कळायच्या. कपड्याचा कागदी नमुना आणि जिन्याचा नकाशा यांत फारसा फरक नाही. कुठे घडी पडणार, कुठे ताण येणार, ते मी बोट ठेवून दाखवायची, आणि तो नकाशाऐवजी बोटाकडे बघत बसायचा.

एकदा त्याने खिशातून पत्र्याचा छोटा जिना काढला, पेल्याला टेकवून उभा केला. "हा बघा, मिटलेला. आणि ही..." साखरेचा एक खडा त्याने अलगद वरच्या पायरीवर ठेवला, "ही तुम्ही."

जिना खळखळत उलगडला आणि बशीवर टेकला.

"मी इतकी गोड नाही," मी म्हटलं.

"ते अजून मोजलेलं नाही."

मी तो खडा उचलला, उगाच, हसता हसता अर्धा कुरतडला आणि परत पायरीवर ठेवला. जिना हलला नाही.

"ही अर्धी मुलगी कुठून आणलीत?" तो हसून म्हणाला. "आमच्या वहीत सर्वांत हलकी एकशे बारा पौंडांची आहे. मी शंभरावर बसवलाय, तरी थोडी जागा सोडली."

शंभर. माझ्या तोंडातली साखर विरघळेना. त्याला सांगावं असं वाटलं... आणि भीतीही वाटली. तो म्हणेल, एक्याण्णव? म्हणजे छाती बरी नाही का? मग उद्या तो भलत्याच बाजूला चुकेल. मी पाव पुढे सरकवला आणि गप्प राहिले. या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटी जिना बसला. चाचणीला अग्निशमन खात्याचे अधिकारी आले, मालक आले, केलर आला. केलरच्या कारखान्यातले दोन लोहार खिडकीतून बाहेर गेले, एकामागून एक वरच्या पायरीवर उभे राहिले, आणि दोन्ही वेळा जिना इतका सुंदर उलगडला की मालकांनी टाळ्या वाजवल्या. आशर माझ्याकडे बघून हसला. लोहारांचे दंड माझ्या कमरेएवढे होते.

अधिकाऱ्यांनी सहीसाठी टाक काढला.

एकदा सही झाली की तो जिना तसाच राहणार, हे मला ठाऊक होतं. आणि कधीतरी धुरात, माझ्यासारखी एखादी त्या पायरीवर उभी राहणार. मी उठले. दोन्ही जास्तीचे परकर मशीनमागे काढून ठेवले आणि खिडकीपाशी गेले.

"साहेब, एकदा मी उभी राहून बघू?"

"फ्रूमा, जागेवर बस," ग्रॉसमन म्हणाला. पण मी तोवर चौकटीवर पाय ठेवला होता.

खाली सात मजले. वारा पायांत शिरत होता. मी कठडा धरला आणि पायरीवर उभी राहिले. जिना भिंतीला चिकटून राहिला. मी टाचा आपटल्या. तरी काही नाही.

आशर खिडकीत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "अडकलं असेल काहीतरी... तुम्ही एकशे अठरा ना?"

"एक्याण्णव," मी म्हणाले. ग्रॉसमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आतून झेल्डाचा आवाज आला. "माझं सत्याण्णव आहे. जास्तीचं सगळं कापड आहे."

मग एक म्हणाली, नव्वद. एक म्हणाली, अठ्ठ्याऐंशी, तेही बूट घालून. एकेका मशीनमागून आकडे येत राहिले. केलर पुटपुटला, "दोघी मिळून उभ्या राहिल्या तर?" अधिकारी म्हणाले, "पायरी एकीपुरती आहे. आणि धुरात कोण कोणाला शोधत बसणार?" त्यांनी टाक खिशात ठेवला. महिन्याची मुदत दिली. महिन्यात जमलं नाही, तर मालक जिन्याऐवजी खिडकीला नुसता दोर बांधून देणार होते.

आशरने हात देऊन मला आत घेतलं. मग वही खिशात घालून तो निघून गेला.

ग्रॉसमनने मला काही केलं नाही. साठजणींना एकदम डॉक्टरकडे पाठवलं असतं, तर ब्लाउज कोणी शिवले असते? मी मात्र रोज संध्याकाळी दाराशी थांबायची आणि एकटीच घरी जायची. असे नऊ दिवस गेले.

"जाऊन बघ की," झेल्डा म्हणाली. "सातव्या मजल्यावरून बाहेर पाय टाकायला घाबरली नाहीस, आणि रस्ता ओलांडायला घाबरतेस."

रविवारी मी नदीकाठच्या त्या लोखंडी कारखान्यात गेले. सगळं बंद, आत आशर एकटा. लाकडी चौकटीवर त्याने वरची पायरी बसवली होती, आणि पायरीवर वाळूचं एक पोतं उभं केलं होतं. पोत्यावर खडूने आकडा होता. आकडे मला वाचता यायचे. एक्याण्णव.

"ही कोण?" मी विचारलं.

तो दचकला. मग मान न वळवता म्हणाला, "ही नऊ दिवस माझ्याबरोबर आहे. फार बोलत नाही. पण खोटंही सांगत नाही."

"माझ्यापेक्षा बरी म्हणायची."

"चहा कमी पिते."

दोघेही हसलो नाही. मी म्हटलं, "मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. साखरेच्या खड्याच्या दिवशी. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर..."

"तर काय?"

"तर तुम्ही यायचे बंद व्हाल."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "फ्रूमा, पाच आठवडे मी तुमच्यासमोर बसलो. तुमचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी म्हणजे मापं घेणारा माणूस... आणि मी वहीवर विश्वास ठेवला, डोळ्यांवर नाही. तुम्ही त्या पायरीवर उभ्या होतात आणि जिना हलत नव्हता, तेव्हा मला दिसलं की आग लागली असती तर काय झालं असतं. तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून आलो नाही."

मी त्याचा हात धरला. लोखंडाच्या किसाने काळा झालेला, गरम हात. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो, त्या पोत्यासमोर.

"आता अडचण काय आहे?" शेवटी मी विचारलं.

"तीच. साठ पौंडांवर बसवला तर सगळ्या उतरतील, पण वारा त्याला उघडेल. वारा तुझ्याहून जड आहे." तो मला तू म्हणाला आणि त्याला कळलंही नाही.

मी त्या पायरीकडे बघत राहिले. "आमच्या मशीनला सुईखाली एक पाय असतो. कापड दाबून धरतो. मागची खटकी वर केली की कापड मोकळं, मग एका बोटाने ओढलं तरी सरकतं. कापडाचं वजन कोणी विचारत नाही."

"मग?"

"जिना साठावरच बसव, आणि त्यालाही तसंच धरून ठेव. खटकी खिडकीला जोड. खिडकी वर केल्याशिवाय बाहेर कोण जाणार आहे? आणि वाऱ्याला खिडकी उघडता येत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खडू उचलला आणि जमिनीवरच रेषा काढायला बसला. मीही गुडघे टेकून बसले. जिथे चुकला, तिथे बोट ठेवलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दुसरी चाचणी झाली. या वेळी लोहार नव्हते. अधिकारी म्हणाले, पहिली कोण? मी खिडकी वर केली, खटकी सुटल्याचा आवाज आला, आणि पायरीवर पाय ठेवताच सगळं लोखंड माझ्यापुढे उलगडत गेलं. मी उतरत गेले. पायांना पायऱ्या, हाताला कठडा, आणि खाली गल्लीत टोपी हातात घेऊन उभा असलेला आशर.

शेवटच्या पायरीवर त्याने हात पुढे केला. "फ्रूमा, माझ्याशी लग्न करशील?"

वर बघितलं. खिडकीतून दुसरी मुलगी बाहेर पडत होती.

"आधी सगळ्या उतरू देत," मी म्हटलं.

मग आम्ही दोघे जिन्याच्या पायथ्याशी दोन बाजूंना उभे राहिलो आणि प्रत्येकीला हात देत गेलो. कोणी डोळे मिटून उतरली, कोणी सारखी बडबडत, एक तर रडत रडत. झेल्डा सर्वांत शेवटी आली, स्कर्ट दोन्ही हातांनी सावरत, राणीसारखी सावकाश. तिने गल्लीत पाय ठेवला आणि मागे जिना पुन्हा भिंतीकडे मिटू लागला.

मी आशरला हो म्हटलं. लोखंडाच्या त्या खडखडाटात त्याला काही ऐकू आलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा म्हटलं, आणि नेमका तेव्हाच जिना बंद झाला. मग ते सगळ्या गल्लीने ऐकलं.