टेकू

तोंडवलीच्या शाळेची मधली तुळई खाऱ्या वाऱ्याने पोखरली होती. आतल्या सळ्या गंजून फुगल्या, काँक्रीटचे पोपडे पहिलीच्या वर्गात पडले आणि शाळेला कुलूप लागलं. भारचाचणीत तुळई टिकली तर पोरं इथेच शिकणार, नाहीतर रोज एसटीने कट्टा गावच्या शाळेत. इंजिनिअर डेलिशा याच वर्गात बाराखडी शिकलेली. तिला ती तुळई कशीही करून वाचवायची होती.

सळ्या घासून, खड्डे भरून झाले. तुळईला बळकटी देणारं कार्बनचं काळं कापड चिकटवायच्या सकाळी गुरुदास मिस्त्रीने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुळयेक बळ दी, पोरांका हयसरच शिकू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघे कामगार म्हणाले. डेलिशानेही हसत सूर मिळवला. आवाज मात्र चार आले. चौथा अगदी तुळईखालून. रिकाम्या वर्गात घुमायचंच, असं म्हणत ती रसायन कालवायला लागली.

कापड ताणून बसवलं, रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा काढला. तोवर तुळईचं ओझं सहा लोखंडी टेकूंवर होतं. तिसऱ्या सकाळी येऊन बघतात तर सहाही टेकू ढिले.

"बाय, काल सांजेक मी सोताच्या हातान आवळले," गुरुदास पुटपुटला.

"गारव्यान लोखंड आखडता, काका."

म्हणाली खरी, पण वर बोट जाईल एवढी फट होती. तुळई उचलल्याशिवाय अशी फट पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चाचणीच्या दिवशी टेकू काढले. तुळईखाली सुईचं मापक लावलं. गच्चीवर वाळूच्या गोण्या चढू लागल्या, तशी डेलिशा मापकासमोर उकिडवी बसली. तुळई वाकली की सुई उजवीकडे जाणार.

पन्नास गोण्या.

सुई डावीकडे सरकली.

शंभर. आणखी डावीकडे. भार वाढत होता आणि तुळई वर चालली होती. तुळईखाली रसायनाच्या वासात कुणाच्या तरी घामाचा वास मिसळला.

नियमाप्रमाणे चोवीस तास भार ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गोण्या उतरवल्या. सुई शून्यावर आली, आणि तुळईखालच्या मोकळ्या जागेत कुणीतरी लांब श्वास सोडला.

डेलिशाने अहवालात 'पास' लिहिलं. सुई उलटी जाण्याच्या कारणाचा रकाना कोरा ठेवला. सोमवारी शाळा भरणार होती. तिला रडूच फुटलं.

गुरुदासने पोरांचं एक बाक ओढत आणून तुळईखाली ठेवलं.

"बस वायच. दमलंस मां?"

रिकाम्या बाकाची फळी मधोमध हळूच वाकली.